हिशेबी शहराची जीभ

ओसाकाच्या समुद्रात कोंबू उगवत नाही. कोंबू ही समुद्रात वाढणारी वनस्पती, वीतभर रुंद आणि काही मीटर लांब पानांची. तिला गारठलेलं पाणी लागतं आणि ते असतं जपानच्या उत्तर टोकाला, होक्काइदो बेटाभोवती. तिथून ओसाका हजारेक किलोमीटर दूर. तरी ओसाकातल्या एखाद्या रेल्वे स्थानकावर, उभ्याउभ्या खायच्या दुकानात उदोन मागवा आणि वाडगा तोंडाला लावा. पहिल्या घोटाबरोबर एक गोडसर, खोल, चटकन नाव न देता येणारी चव जिभेवर पसरते. तिच्यात या परमुलखातल्या कोंबूचा मोठा वाटा असतो. जी वस्तू शेजारच्या समुद्रात नाही, ती एका शहराच्या चवीचा पाया कशी झाली? ओसाकाला गेल्यावर काय खावं, कुठे खावं, हे सांगायला मला या कोड्यापासूनच सुरुवात करावीशी वाटते. ते सुटलं की पुढच्या बऱ्याच बशांचा अर्थ लागत जातो.

कोड्याचं उत्तर आहे जहाजं. साधारण तीनशे वर्षांपूर्वी ‘कितामाएबुने’ नावाची शिडाची जहाजं होक्काइदोहून निघत, जपानच्या पश्चिम किनाऱ्याने खाली येत, शिमोनोसेकीच्या सामुद्रधुनीतून वळून आतल्या शांत समुद्रात शिरत आणि ओसाकाला लागत. येताना कोंबू आणि सुकी हेरिंग मासळी, जाताना मीठ, साके, कापड, वापरलेले कपडे. हेरिंगचं खत ओसाकाभोवतीच्या कापसाच्या शेतांत पडे आणि त्या कापसाचं कापड पुन्हा उत्तरेची वाट धरी. जहाजवाले नुसतं भाडं घेऊन माल वाहत नसत. वाटेतल्या प्रत्येक बंदरात स्वतः खरेदी-विक्री करत, त्यामुळे भावातला फरक ओळखणं हाच त्यांचा खरा धंदा. त्यात तांदळाची भर पडली. देशभरचे सरदार शेतसारा तांदळात घेत आणि तो विकायला ओसाकाच्या नदीकाठच्या आपापल्या कोठारांत पाठवत. १७३० साली शोगुनने इथल्या दोजिमा बाजाराला अधिकृत मान्यता दिली. तिथे तांदळाचं पोतं न उघडता, पुढच्या तारखेच्या भावावर, नुसत्या वहीतल्या नोंदींनी सौदे होत. जगातला पहिला संघटित वायदेबाजार म्हणून त्याचं नाव घेतात. पुढे तिथले भाव डोंगरमाथ्यांवरून निशाणं हलवून शहरोशहरी पोचवले जाऊ लागले.

अशा गावात जेवणाला दोन कसोट्या लागतात: चव कशी आणि भाव काय. ओसाकातली माणसं किती महाग खाल्लं हे सांगत नाहीत, किती स्वस्तात किती चांगलं खाल्लं हे सांगतात, असा त्यांचा लौकिक आहे. माझ्या मते या शहरातलं बहुतेक नवलाचं खाणं या दुहेरी हिशेबातून जन्मलं आहे.

आधी त्या रसाकडे वळू. त्याला म्हणतात दाशी. कोंबूचा तुकडा पाण्यात टाकायचा आणि पाणी उकळू न देता मंद आचेवर ठेवायचं. कोंबूवरची पांढरी पूड धूळ समजून धुवायची नाही, नुसतं फडक्याने पुसायचं. कोंबू काढला की कात्सुओबुशीचा कीस घालायचा आणि गाळून घ्यायचं. मसाला परतणं नाही, तासन्‌तास रटरटणं नाही. आपल्याकडे चव बांधायला फोडणीपासून वाटणापर्यंत जेवढं करावं लागतं, त्यापुढे ही कृती संशयास्पद वाटावी इतकी छोटी आहे.

पण तयारी आधीच होऊन गेलेली असते. कात्सुओ म्हणजे कुप्पा मासळीची एक जात. तिचे तुकडे उकडतात, काटे काढतात, लाकडाच्या धुरात पुन्हापुन्हा धुरावतात. उत्तम प्रतीच्या मालावर मुद्दाम बुरशी चढवतात आणि उन्हात वाळवतात, पुन्हा चढवतात, पुन्हा वाळवतात. काही महिन्यांनी हाती येतो तो मासा राहिलेला नसतो. एकमेकांवर आपटला तर लाकडी ठोकळ्यांचा आवाज येतो. सुरीने कापत नाही, म्हणून रंध्यावर किसावा लागतो. जगातला सर्वांत कठीण खाद्यपदार्थ म्हणून याचंच नाव सांगतात.

आता यातलं रसायन. १९०८ साली तोक्योच्या विद्यापीठातले प्राध्यापक किकुनाए इकेदा यांनी कोंबूच्या रसातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्याच्या चवीला ‘उमामी’ असं नाव दिलं. गोड, आंबट, खारट, कडू या चौकडीत न बसणारी ही पाचवी चव. त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांनी १९१३ मध्ये कात्सुओबुशीतून इनोसिनेट हे दुसरं द्रव्य काढलं. खरी गंमत पुढे अकिरा कुनिनाका यांनी दाखवली. ही दोन द्रव्यं एकत्र आली की चवीची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. दोन्ही थोडीथोडी मिसळली तरी जिभेला एकट्याच्या कित्येक पट जास्त उमामी लागते. म्हणजे उत्तरेच्या जहाजातली वनस्पती आणि दक्षिणेच्या समुद्रातला मासा ज्या बाजारात एकत्र आले, तिथल्या स्वयंपाक्यांनी हा गुणाकार प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी जिभेने करून ठेवला होता.

हा रस सर्वांत उघडा चाखायचा असेल तर कित्सुने उदोन खावा. जाड, मऊ शेवया, फिकट सोनेरी रस्सा आणि वर गोडसर शिजवलेल्या तळलेल्या तोफूची एक मोठी घडी. तोक्योचा रस्सा सोया सॉसने काळपट होतो. इथे वाडग्याचा तळ दिसतो, त्यामुळे दाशी कच्ची असेल तर लपायला जागा नाही. वाडगा उचलून रस्सा सरळ प्यावा. शेवया फुरके मारत खाणं इथे रीतीचंच आहे.

कोंबूची आणखी एक करामत ओसाकाला लागून असलेल्या साकाई शहरात आहे. व्हिनेगरमध्ये भिजवलेला कोंबू कारागीर हाताने तासतात, इतका पातळ की पलीकडचं दिसावं. ते भातावर किंवा रश्श्यात घालतात. हे काम साकाईत रुजलं, कारण तिथे धार लावणारे हात आधीपासून होते. पोर्तुगीजांबरोबर तंबाखू जपानात आली आणि ती बारीक कापायच्या सुऱ्यांसाठी साकाईचे लोहार नावाजले. आज जपानी आचाऱ्यांच्या सुऱ्यांसाठी हेच गाव प्रसिद्ध आहे. ज्यांचे अवशेष जुन्या गोव्याच्या बाँ जेझू चर्चमध्ये आहेत, ते फ्रान्सिस झेवियर १५५०-५१ च्या हिवाळ्यात क्योतोला जाता-येता या साकाईत उतरले होते. गोवा, मलाक्का, जपान ही तेव्हाची वहिवाटीची वाट होती.

आता रस्त्यावर येऊ. दोतोनबोरीचा कालवा, हलत्या नांग्यांचा राक्षसी खेकडा, धावणाऱ्या माणसाची रोषणाई: हे सगळं छायाचित्रांत तुम्ही पाहिलेलं असतं आणि ते तसंच आहे. एक संध्याकाळ पुरे. थांबावं ते ताकोयाकीच्या गाडीपाशी, आणि खाण्याआधी पाच मिनिटं नुसतं बघत.

आप्पेपात्रासारखंच हे पात्र, फक्त खळगे पूर्ण अर्धगोल आणि संख्येने खूप जास्त. आप्प्याचं पीठ घट्ट असतं, इथलं मात्र दाशीने जवळजवळ ताकाइतकं पातळ. खळगे भरून वर सांडेल असं ते ओततात, म्हणजे सगळं पात्र एक सपाट तळं होतं. त्यात ऑक्टोपसचे तुकडे, पातीचा कांदा, लाल आलं, तळणीतला चुरा. तळाची बाजू धरली की कारागीर एका टोच्याने खळग्यांच्या मधलं सांडलेलं पीठ तोडतो, ते आत ढकलतो आणि अर्धा गोल उभा फिरवतो. आतलं कच्चं पीठ खाली ओघळतं आणि गोलाचा उरलेला अर्धा भाग भरून काढतं. म्हणजे वरचा अर्धा गोल साच्याविना, सांडलेल्या पिठातूनच तयार होतो. बाहेर पातळ कवच आणि आत जवळजवळ पातळ दाशी. पहिला गोळा अख्खा तोंडात टाकू नका, काडीने फोडून वाफ जाऊ द्या. जीभ भाजली की पुढचं सगळं जेवण वाया जातं.

ताकोयाकीचा जन्म सालासकट माहीत आहे. आइझुया या दुकानाचे तोमेकिची एन्दो आधी असेच गोळे गोमांसाचे तुकडे घालून विकत. शेजारच्या आकाशी गावात ऑक्टोपस घालतात असं एका गिऱ्हाइकाने सांगितलं आणि १९३५ मध्ये त्यांनी तो घातला. आइझुयाचे गोळे आजही सॉस न लावता मिळतात, कारण चव पिठातच आहे. माझं मत विचाराल तर तेच आधी खावेत. मेयोनीझच्या रेघांखालची ताकोयाकी कुठेही मिळते.

ओकोनोमियाकीबद्दल थोडक्यात: चिरलेला कोबी, थोडं पीठ, अंडं, डुकराच्या मांसाचे काप, हे तव्यावर जाडसर थापून वर गोड-आंबट सॉस. दुसऱ्या महायुद्धानंतर तांदळाचा तुटवडा आणि अमेरिकेहून आलेला गहू यांनी ते घराघरात पोचवलं. वरून टाकलेला कात्सुओबुशीचा कीस गरम पोळ्यावर वळवळू लागतो आणि लहान मुलं दचकतात. कीस कागदाहून पातळ असतो, वाफ त्याच्या एका बाजूला आधी लागते, ती बाजू फुगते आणि पापुद्रा वाकतो. वाफ ओसरली की नाच थांबतो.

आता यंत्रं. ओसाकाला लागून असलेल्या आजच्या हिगाशी-ओसाकात योशिआकी शिराइशी यांचं सुशीचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाईक कारखान्यातले कामगार, दर कमी, वाढपी ठेवणं परवडेना. बिअरच्या कारखान्यात त्यांनी पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहिल्या आणि बाटल्यांच्या जागी बशा का नकोत, असा विचार केला. १९५८ मध्ये ‘गेन्रोकू’ या नावाने फिरत्या पट्ट्याचं जगातलं पहिलं सुशी-दुकान उघडलं. वाटतं तितकं सोपं नव्हतं. सरळ पट्टा वळणावर अडतो, म्हणून चंद्रकोरीच्या आकाराचे तुकडे एकमेकांवर सरकतील असे बसवावे लागले. वेगही नेमका हवा: फार हळू तर सुशी सुकते नि गिऱ्हाईक वैतागतं, फार जलद तर बशी हाती लागत नाही. तो ठरला सेकंदाला साधारण ८ सेंटिमीटर. १९७० च्या ओसाका जागतिक प्रदर्शनात लोकांनी हा पट्टा पाहिला आणि तो देशभर पसरला. सुशी ही मोठ्या लोकांची चैन होती, ती पोराबाळांची रविवारची झाली ती या पट्ट्यामुळे.

जपानातल्या मोठ्या पट्टा-सुशी कंपन्यांपैकी दोन आजही ओसाका परगण्यातल्याच आहेत. त्यातल्या एकीच्या दुकानांत रिकामी बशी टेबलाच्या कडेच्या फटीत टाकायची. ती पाण्याच्या नळीतून वाहत धुवायला जाते आणि जाताजाता मोजली जाते. पाच बशा झाल्या की पडद्यावर खेळ सुरू होतो नि नशीब असेल तर खेळणं मिळतं. चौथ्या बशीला पोट भरलं असेल तरी पाचवी मागवली जाते. दोजिमाच्या दलालांना हे आवडलं असतं.

त्याच १९५८ साली ओसाकाच्या उत्तरेच्या इकेदा गावात, घरामागच्या शेडमध्ये मोमोफुकु आन्दो शिजवलेल्या शेवया टिकवायच्या कशा या प्रश्नाला भिडले होते. वाळवल्या तर पुन्हा नीट भिजेनात. पत्नीला तेम्पुरा तळताना पाहून त्यांना उत्तर सुचलं असं सांगतात. तेलात टाकल्याबरोबर आतलं पाणी वाफ होऊन निसटतं आणि मागे असंख्य सूक्ष्म भोकं ठेवतं. नंतर गरम पाणी त्याच भोकांतून आत शिरतं. आपल्या घराघरांतल्या दोन मिनिटांच्या नूडल्सची वंशावळ त्या शेडपाशी जाऊन पोचते. इकेदाच्या संग्रहालयात ती शेड पुन्हा उभारली आहे आणि स्वतःचा कप रंगवून त्यात हवं ते भरून घेता येतं: ४ रश्श्यांतला एक आणि १२ जिन्नसांतून चार, एकच जिन्नस पुन्हा घ्यायची मुभा. एकूण ५,४६० जोड्या होतात. मुलांना घेऊन जात असाल तर सर्वांत आधी इथे जा.

मराठी पाहुण्याला ओसाकात एक ओळखीचा वास येतो: करी. जपानला ती ब्रिटिशांच्या हातून मिळाली, म्हणून आपल्याला ती चुलत-चुलत भावासारखी भेटते. नांबा भागात १९१० पासून चालू असलेल्या जियूकेन या खानावळीत भात करीत कालवूनच देतात आणि वर कच्चं अंडं फोडतात. तेव्हा भात गरम ठेवायची सोय नव्हती, म्हणून गरम करी त्यातच मिसळायची ही युक्ती निघाली. पुढे रीत राहिली. साकुनोसुके ओदा या ओसाकाच्याच लेखकाने १९४० च्या आपल्या कथेत तिला जागा दिली आणि खानावळ अजरामर झाली. यात गोमांस असतं, हे आधीच सांगतो. पाकिटातली तयार करीसुद्धा इथलीच. सलाइनच्या बाटल्या निर्जंतुक करायचं तंत्र ज्या ओत्सुका समूहाकडे होतं, त्यानेच ते करीच्या पाकिटाला लावलं आणि १९६८ मध्ये ओसाका-कोबे पट्ट्यात ‘बॉन करी’ विकायला काढली. अलीकडे इथे पीठ न लावता जिरं, वेलची, मोहरी यांवर उभी राहिलेली नव्या धर्तीची करी लोकप्रिय झाली आहे. तिच्यात चक्क फोडणी असते, आणि तीत दाशी पडली की काय होतं ते प्रत्येक मसाल्याच्या अभिमान्याने एकदा चाखावं.

करीवरून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हांक्यू रेल्वेचे इचिझो कोबायाशी यांनी १९२९ मध्ये उमेदा स्थानकातच मोठं दुकान काढलं आणि वरच्या मजल्यावर स्वस्त करी-भाताचं भोजनगृह. मंदीच्या दिवसांत पैसे नसलेले तरुण नुसता भात मागवत आणि टेबलावरचा फुकटचा सॉस ओतून खात. इतर कुणी सॉसच्या बाटल्या उचलून ठेवल्या असत्या. कोबायाशींनी फलक लावला: नुसता भात मागवणाऱ्यांचंही स्वागत आहे. आज ते गरीब आहेत, उद्या लग्न करून मुलाबाळांसह इथेच येतील, असा त्यांचा हिशेब. त्या दुकानाच्या तळघरातला खाद्यविभाग आजही पाहण्यासारखा आहे. बंद होण्याच्या सुमारास डब्यांवर सवलतीच्या चिठ्ठ्या चिकटू लागतात तेव्हा जावं.

जपानी वाचता येत नाही म्हणून घाबरू नका. दुकानाच्या काचेत मांडलेल्या नकली पदार्थांकडे बोट दाखवलं तरी चालतं. हा धंदा करणारे ताकिझो इवासाकी मूळचे गुजो-हाचिमान या डोंगरी गावचे, पण त्यांनी १९३२ मध्ये दुकान मांडलं ते ओसाकात. तेव्हा मेण, आता प्लास्टिक. नांबाजवळच्या दोगुयासुजी गल्लीत, ताकोयाकीच्या पात्रांपासून साकाईच्या सुऱ्यांपर्यंत सगळं मिळतं, तिथे हे नमुनेही विकत मिळतात.

आता शाकाहारी वाचकांसाठी, जरा सविस्तर. इथे अडचण मांसाची कमी नि दाशीची जास्त. तोफूचा कित्सुने उदोन दिसायला निर्दोष, पण रश्श्यात मासा. ओकोनोमियाकीच्या पिठात बहुधा दाशी. शिनसेकाई भागातल्या कुशिकात्सुमध्ये कमळकाकडी आणि कांदा काडीला टोचून तळतात खरं, पण तेल तेच आणि पुष्कळदा त्यात गुरांची चरबी. (तिथे सॉसचं सामायिक भांडं असेल तर एकदाच बुडवायचं, एकदा चावलेली काडी पुन्हा बुडवणं हा त्या पेठेतला सर्वांत मोठा गुन्हा.) ‘मी मांस, मासे आणि माशांची दाशी खात नाही’ हे वाक्य जपानीत फोनवर तयार ठेवा. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर दाशी कुणाच्या लक्षात येत नाही.

पण बौद्ध मठांतल्या शोजिन जेवणात माशाशिवायची दाशी आहे: कोंबू आणि सुकवलेली शिताके अळंबी. या अळंबीतल्या ग्वानिलेट नावाच्या द्रव्याचाही ग्लुटामेटशी तसाच गुणाकार होतो. मठवासी मासा सोडून चवीला मुकले नाहीत, हे कुनिनाकांच्या संशोधनाने सिद्ध केलं. दुसरा आधार गोडाचा. दोतोनबोरीच्या मागे होझेनजी देवळाची दगडी बोळ आहे. तिथला देव फुदो म्हणजे आपल्याकडूनच गेलेला ‘अचल’. भक्त त्याच्यावर इतकं पाणी ओततात की मूर्ती शेवाळाने हिरवीगार झाली आहे. शेजारच्या ‘मेओतो झेन्झाई’त लाल चवळीसारख्या अझुकी कडधान्याचा गोड, दाट रस मोचीच्या गोळ्याबरोबर मिळतो. एका माणसाचा वाटा दोन वाट्यांत देतात. दोन वाट्या दिसल्या की जास्त मिळाल्यासारखं वाटतं, हे ओसाकाच्या दुकानदाराला कुणी शिकवायला नको.

कुरोमोन बाजाराचं नाव प्रत्येक यादीत पहिलं असतं. आता तो बराचसा पर्यटकांसाठी चालतो आणि भावही तसेच लागतात. फेरफटका मारावा, पोट भरायला नको. त्यापेक्षा तेंजिनबाशीसुजीला जा: अडीच किलोमीटरहून लांब छपराखालची पेठ, सुमारे ६०० दुकानं, तिथे शहरातली माणसं कामावरून सुटून खातात. दक्षिणेच्या टोकाकडून सुरुवात करा, प्रत्येक ठिकाणी थोडंच मागवा, रोख येन जवळ ठेवा आणि टिप ठेवू नका. इकेदाचं नूडल्स संग्रहालय मंगळवारी बंद असतं, तेवढं पाहून बेत आखा.